कोरी जागा

अकरा वर्षं चर्चच्या सेवेची यादी माझ्या थोरल्या जाऊबाईंनी लिहिली. अकरा वर्षं शास्त्रवाचन त्यांच्याकडे आणि अंगण झाडणं माझ्याकडे.

यंदा सेक्रेटरी मी झाले. नाताळच्या उपासनेचं वाचन मी स्वतःकडे घेतलं आणि अंगण त्यांना दिलं. आमच्याकडे कुठलंही काम एकट्याला देत नाहीत, यादीत दोन नावं लागतात. त्यांच्या नावाशेजारची जागा मी मुद्दाम कोरी सोडली. झाडू दे एकटीलाच, रेशमी साडी खोचून!

नाताळच्या सकाळी घंटा होण्याआधी जाऊबाई खरंच झाडू घेऊन दारात आल्या. "माझ्या जोडीला कोण?" त्यांनी विचारलं. पाळकसाहेबांनी भिंतीवरची यादी वाचली, माझ्याकडे एकदा पाहिलं, झगा काढून ठेवला आणि दुसरा झाडू उचलला. ते पाहून गाणारे उठले, मग म्हाताऱ्या बायका उठल्या, मग सगळेच बाहेर गेले.

मी बायबल उघडून तशीच उभी राहिले. समोर नुसते बाक.

खिडकीतून जाऊबाईंचा आवाज आला, "मोठ्यानं वाच गं, एस्तेर! सगळी मंडळी इकडे आहे."