उन्हाळ्यातले फॉस्फेट

धोबीघाटाला कुलूप लागून वर्ष लोटले, तरी खाऱ्या तळ्यातले फॉस्फेट या उन्हाळ्यातही चढलेच. फॉस्फेट म्हणजे शेवाळाचे खाद्य. हिवाळ्यात ते नावालाही नसे. अर्थात घाटावरची मंडळी अजून चोरून कपडे धुतात, हे शेंबड्या पोरालाही कळेल, असे प्राध्यापकांनी समितीला कळवून टाकले होते. आज त्या लोकांची वस्तीच हलवण्याचा निर्णय व्हायचा होता. इस्त्रीचा शर्ट चढवून प्राध्यापक तळ्याच्या पाण्याचे नमुने भरायच्या रिकाम्या बाटल्या घ्यायला स्वयंपाकघरात आले आणि दारातच थबकले.

बाटल्यांवर फेस होता.

“धुण्याची पावडर?”

“मग काय राखेनं घासू? दर उन्हाळ्यात मीच धुते की,” बायको म्हणाली. “कॉलेजला सुट्टी लागली की तुमचा शिपाई गावाला पळतो. नुसत्या पाण्यानं चिकटा जातोय थोडाच?”

शिपाई बाटल्या आम्लाने धुई. धुण्याच्या पावडरीतले फॉस्फेट बाटलीला चिकटून राहते, हे प्राध्यापक दर वर्षी पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांना बजावत. घरी सांगायचे तेवढे राहून गेले होते. ज्या ऋतुचक्रावर त्यांनी नाव कमावले, ते तळ्याचे नव्हतेच. कॉलेजच्या सुट्ट्यांचे होते.

समितीपुढे खरे त्यांच्या ओठांपर्यंत आले. अध्यक्षांनी “आपले विद्वान” म्हणताच ते घशाखाली उतरले. जमिनीकडे पाहत प्राध्यापक म्हणाले, “त्यांना एक संधी द्यावी. पुढच्या महिन्यात फॉस्फेट उतरेल, ही माझी हमी.”

टाळ्या पडल्या. विद्वत्तेला दयेची जोड हा योग विरळाच, असे अध्यक्षांनी भरल्या गळ्याने सांगितले.

बाहेर घाटावरची मावशी थांबली होती. घाट बंद झाल्यापासून ती नुसती इस्त्री करी. आजचा शर्टही तिच्याच हातचा.

“सर, आमचं छप्पर राखलंत. आमच्यातलं कुणी धुत नाही, असंच मी धरून बसले होते. पण तुमचं यंत्र खोटं कशाला बोलेल? धाकट्या सुनेचाच हात असणार. शपथा घेतेय, रडतेय. आजच तिला माहेरी धाडते.”

प्राध्यापकांचा हात कॉलरकडे गेला. मान वर झाली नाही.

“नको, मावशी,” ते म्हणाले. “माफ करा तिला. माणूस आहे, चुकायचंच.”