छातीचं माप

कवायतीच्या मास्तरांनी काउंटरवर चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीवर एकच नाव होतं. फोटोवाल्या बाईने ती वाचली. खणातून शाळेचा मोठा ग्रुप फोटो काढला आणि पुढच्या रांगेतल्या, टिंब नसलेल्या शेवटच्या चेहऱ्यावर लाल पेन्सिलीने टिंब दिलं. नऊच्या नऊ झाले.

"नेहमीचीच साइज," मास्तर म्हणाले. "सभागृहाच्या भिंतीवर बाकीच्या शहिदांच्या ओळीत बसला पाहिजे."

तीन वर्षांपूर्वी हा फोटो तिनेच काढला होता. उंच मुलं मागे, बुटकी पुढे, हे तिच्या धंद्यातलं साधं शहाणपण. पण मास्तरांनी टेप घेऊन एकेकाची छाती मोजली होती आणि भरदार गडी तेवढे पुढे उभे केले होते. "अहो, मागची पोरं दिसायची नाहीत," ती म्हणाली होती. "दिसायलाच हवीत असं कुठंय?" मास्तर हसले होते. मागच्यांत तिचा बारक्या होता. फोटोत त्याचा एक कान तेवढा आला होता, कुणाच्या तरी रुंद खांद्यामागून डोकावणारा.

"मास्तर," बाई पेन्सिल पुसत म्हणाली, "कणखर असतो तोच टिकतो, हा निसर्गाचा नियम ना तुमचा? मग तुमची भिंत भरली कशी?"

"देशांनाही तोच नियम आहे बाई. नदीपलीकडचे किडे संपतील, आपण टिकू. झाड छाटलं की जोमानं फुटतं."

"माळी वाळकी फांदी छाटतो हो," ती त्यांच्या पांढऱ्या मिशांकडे बघत म्हणाली.

मास्तरांनी मिशांवरून हात फिरवला. खिशातून घडी घातलेला कागद काढून काउंटरवर पसरला. "कालच हुकूम आलाय. भरतीला छाती चौतीस लागायची, ती तीसवर आणली. फुगवून तीस."

बाईचा हात जागच्या जागी थांबला. गेल्याच महिन्यात तिने बारक्याचा शर्ट बेतला होता. एकोणतीस. तेव्हा मनातल्या मनात हसून तिने म्हटलं होतं, असाच राहा रे बाबा, काडीपैलवान.

आतल्या खोलीचा पडदा सरकला. बारक्या उघड्या अंगाने बाहेर आला. छातीभोवती तिचाच शिवणाचा टेप. पोरगं तीन वर्षं दार लावून जोर मारत होतं. तिला वाटायचं, फळ्या करकरतात.

"सर, भरली!" तो दातांतून कसाबसा बोलला. श्वास कोंडलेला, मानेच्या शिरा तट्ट. "तीस भरली, बघा!"

मास्तरांनी चष्मा वर करून टेपवर बोट ठेवलं. मग तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी त्याचा चेहरा नीट बघितला.

"शाब्बास रे पठ्ठ्या!" त्यांनी त्याची पाठ थोपटली. जाता जाता ग्रुप फोटोवर त्यांची नजर गेली. "बाई, याचा एक चांगला फोटो आत्ताच काढून ठेवा. यात नुसता कान आलाय."

मास्तर पायऱ्या उतरून गेले. बारक्या तसाच उभा होता, दाराकडे बघत, लालबुंद.

"श्वास सोड, बाळा," आई म्हणाली.

त्याने सोडला नाही.