राहिलेला हात

दुपारची डुलकी काढून ती उठली, गिटार मांडीवर घेतली आणि पहिल्याच तारेला बोट लावून थबकली. तार नुसती कुजबुजली. तिनं उजवा हात डोळ्यांसमोर धरला. पाचही नखं साफ कापलेली.

आई पलंगाच्या कडेला बसून नेलकटर पदराला पुसत होती. "एका हाताची कापायची राहिली होती गं तुझी. म्हटलं, निजलीय तोवर उरकून टाकावं."

आता हिला काय बोलणार? गिटारवाल्यांची तऱ्हाच अशी. डावा हात तारा दाबतो, त्याची नखं बोडकी. उजवा तारा छेडतो, त्याची जिवापाड जपलेली. आईला हे एके काळी पाठ होतं. हल्ली बरंच पुसलं गेलंय. लेकीची नखं कापायची असतात, तेवढं राहिलंय.

तिला राग आला, रडूही आलं. तिनं रचलेली नवी धून आज संध्याकाळी पहिल्यांदाच लोकांपुढे वाजणार होती.

न्यायला आलेल्या दादानं तिची बोटं पाहून कपाळावर हात मारला. "बरं नाही म्हणून कळवून टाकू. पुढच्या महिन्यात कर."

"नखं गेलीत. बोटं आहेत अजून."

"आणि शेवटच्या भागातली ती सुरांची धावपळ? नखांशिवाय ती जमत नाही, असं तूच म्हणतेस."

"मग धावणार नाही, चालत जाईन. रचना माझी आहे, परवानगी कुणाची काढायचीय?"

तिनं खोलीचं दार लावून घेतलं. नुसत्या बोटानं तार ओढायची तर मनगट वेगळंच ठेवावं लागतं. चुकलं, परत घेतलं. पुन्हा चुकलं. शेवटचा भाग तिनं निम्म्या लयीवर आणला, काही सूर सरळ गाळले. आवाज लहानच राहिला, पण गोल झाला.

"आज हळू वाजणार आहे," मंचावर बसल्यावर ती लोकांना म्हणाली. "जरा पुढे या. आणि तेवढे पंखे बंद करा."

खुर्च्या सरकल्या. शेवटचा सूर विरेपर्यंत कुणी खोकलंसुद्धा नाही.

टाळ्या थांबल्यावर दादा आईला धरून मंचाशी घेऊन आला. आईनं लेकीचा उजवा हात हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. बोटांची टोकं सोलवटली होती.

"नखं कुणी कापली गं? छान कापलीत."

"आईनं," ती म्हणाली.