जवाचं पाणी

भरडलेले जव शिरीषने गॅससमोर उभं राहून तासभर पासष्ट अंशांच्या पाण्यात राखले. पाणी गाळून, हॉप्सची कडू फुलं घालून उकळलं आणि निवल्यावर यीस्ट सोडलं. ते फसफसलं की घरची पहिली बिअर होणार होती. आईला मात्र त्याने सांगितलं, "डॉक्टरांनी मुतखड्यावर जवाचं पाणी सांगितलंय. दोन आठवडे झाकून ठेवायचं."

तिसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्या आल्या त्याने पातेल्याला कान लावला. आत चिडीचूप.

"बरं झालं मी सकाळी बघितलं," आई म्हणाली. "फेस आला होता रे, आंबलंच असतं सगळं. चांगल्या दोन उकळ्या काढल्या, तेव्हा कुठे शांत झालं."



तिने पेला भरून त्याच्या हातात दिला आणि समोर उभी राहिली. "नाक धर आणि पी. महिनाभर पुरेल. मी रोज उकळून ठेवीन."