खाडीची चव

नानांनी आता कायमचं इथेच राहावं म्हणून चारुदत्तने हॅम्बर्गच्या फ्लॅटमध्ये काचेच्या टाकीत खाडी उभी केली. वाळूत तिवराची रोपं लावली, मासे सोडले.

दाभोळच्या खाडीवर जन्म काढलेले नाना रोज पाण्यात बोट बुडवून जिभेला लावत. "अजून गोडच लागतंय रे."

खारेपणा मोजणारं मीटर काहीही दाखवो, चारुदत्तचा विश्वास वडिलांच्या जिभेवर. तो आणखी मीठ घाली. रोपं पिवळी पडली. एके सकाळी सगळे मासे पोट वर करून तरंगत होते.

त्याने स्वतः पाणी चाखलं आणि थुंकलं. "नाना, हे समुद्राहून खारट आहे! तुम्हाला कळलं नाही?"

"पहिल्याच दिवशी जमली होती खाडी," मेलेल्या माशांकडे बघत नाना म्हणाले. "पण तसं बोललो असतो, तर तू माझं परतीचं तिकीट रद्द केलं असतंस."