टीबी नाही

“म्हंजे टीबी नाही?” सुंदराबाईनं तिसऱ्यांदा विचारलं.

“नाही,” डॉक्टर भगवंतराव म्हणाले. मुंबईहून आलेली एक्स-रेची फिल्म त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली होती.

सुंदराबाईची सून कौशल्या दवाखान्यातल्या बाकावर बसून धापा टाकत होती. वय सव्वीस. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या घरी ती दोन वर्षं परसातल्या खोलीत एकटी राहत होती. ताट वेगळं, पेला वेगळा, तोही राखेनं घासून उन्हात ठेवायचा. चार वर्षांच्या लेकीला उंबरठा ओलांडायची बंदी. ही बंदी भगवंतरावांनीच घातली होती. छातीत पाणी म्हणजे टीबी, त्यात काय पाहायचं! सुईनं काढलेलं ते पाणी दुधासारखं पांढरं निघालं, तरी यांचं डोकं चाललं नाही. इंजेक्शनं टोचत राहिले. दम वाढतच गेला, तेव्हा कुठे तिला मुंबईला पाठवलं.

तिथल्या डॉक्टरांनी छाती सोडून पावलाला सुई लावली. अंगातला रस वाहून नेणाऱ्या, दोऱ्याहून बारीक नळीत तेलकट औषध सोडलं आणि ते वर चढेल तसे फोटो काढले. फोटोत औषध छातीत झिरपताना दिसलं. त्या नळ्याच बिघडल्या होत्या. लाखात एखादीला होणारा आजार.

“हा कोणाला लागत नाही,” भगवंतराव म्हणाले.

सुंदराबाईनं फडकं सोडून भाकर काढली. एक तुकडा सुनेला चावायला दिला आणि तिचा उष्टा उरलेला तुकडा सगळ्यांदेखत स्वतः खाल्ला. खाताना ती ढसाढसा रडली.

“माफ कर वो मले. लेकराले तुह्यापासून मीच तोडलं.”

“जाऊ द्या मामी,” कौशल्या म्हणाली. “आज पोरीले माह्याजवळ झोपवीन.” दोन वर्षांत ती पहिल्यांदा हसली, आणि भिंतीचा आधार घेत बाहेर टांग्यात जाऊन बसली.

सुंदराबाई डॉक्टरांच्या पाया पडायला वाकली. भगवंतराव मागे सरकले. त्यांना तिच्याकडे पाहवेना.

“देवानंच वाचवलं, डॉक्टरसाहेब. टीबी असता तं गेली असती ना पोर?”

“नाही माय,” ते म्हणाले. “टीबी असता, तर मी तिला वाचवलं असतं.”