गळ्यातली दुर्बीण

"मंगळसूत्र कमी पडलं, म्हणून गळ्यात ही दुर्बीण!" हिवाळ्यातल्या दर रविवारी पहाटे निघताना रेवतीला सासूबाईंचा हा टोमणा ठरलेला. परतल्यावर ती नवऱ्याला पाखरांच्या गोष्टी सांगत बसायची, तेव्हा सासूबाई पाठ फिरवून पोळ्या लाटायच्या.

संक्रांतीनंतर सासूबाईंच्या भिशीची सहल रेवतीच्या नेहमीच्या पक्षी अभयारण्यात गेली. तीही सोबत होती.

"अगबाई, केवढी बदकं!" तळं दिसताच कुसुमताई ओरडल्या.

रेवतीने तोंड उघडायच्या आत सासूबाईंनीच त्यांना फटकारलं, "नुसती बदकं काय म्हणता? चक्रवाक आहेत ते, थेट लडाखहून आलेत. आणि हळू बोला, उडतील!"

रेवती बघतच राहिली. सासूबाईंनी तिच्या गळ्यातली दुर्बीण पदराने पुसली आणि तिला हाताला धरून पुढे आणलं.

"ही आमची सून. पुढचं ही सांगेल."